जहाज निघून जाते, स्थानक राहते

मासिकातली एखादी गोष्ट अगदी रंगात यावी आणि नेमका तेथेच, पानाच्या तळाशी, ‘क्रमशः’ हा शब्द दिसावा, असा अनुभव तुम्हाला आलाच असेल. मग महिनाभर डोक्यात तीच गोष्ट! याउलट काही गोष्टी एका बैठकीत सुरू होतात आणि त्याच बैठकीत संपतात. दूरचित्रवाणीवरच्या अमेरिकन विज्ञानकथा बरीच वर्षे बहुतेक या दुसऱ्या जातीच्या होत्या. त्यांना ‘क्रमशः’ची गोडी लावण्यात अंतराळस्थानकांचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. कसा तो पाहू.

१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका झाली. तिचे भाग ७९. तिच्यातले ‘एंटरप्राइझ’ हे यान दर आठवड्याला एखाद्या नव्या ठिकाणी जाई, तेथे संकट उभे राही, तासाभराच्या आत ते निवारले जाई आणि यान पुढे निघे. मागे राहिलेल्या त्या लोकांचे पुढे काय झाले? ते सहसा कळत नसे, कारण पुढच्या आठवड्यात आपण भलतीकडेच असू. यात व्यवहारही होता. गावोगावची केंद्रे असे भाग पुन्हापुन्हा दाखवीत. क्रम चुकला तरी पाहणाऱ्याचे काही अडू नये, हे सोयीचेच होते.

१९९३ साली दोन निराळ्या मालिका पडद्यावर आल्या. जानेवारीत ‘डीप स्पेस नाइन’ आणि फेब्रुवारीत ‘बॅबिलॉन ५’चा पहिला, चित्रपटाएवढा भाग. दोन्हींत कथेचे घर म्हणजे यान नव्हे, स्थानक. आता विचार करा. स्थानकाला निघून जाता येत नाही! आज ज्याच्याशी भांडलात, तो उद्या त्याच भोजनगृहात शेजारच्या टेबलावर बसलेला असणार.

खऱ्या अंतराळस्थानकातही असेच असते. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात नोव्हेंबर २००० पासून सतत माणसे राहत आहेत. तेथे घाम, श्वासातली वाफ, एवढेच काय पण लघवीसुद्धा गोळा करून, शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरतात. २०२३ मध्ये तेथील अमेरिकन यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवले. टाकून दिले आणि विसरलो, असे तेथे चालत नाही. स्थानकावरच्या गोष्टीतही टाकलेला शब्द कधी ना कधी परत येतो.

‘बॅबिलॉन ५’चे जनक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी हे मनावर घेतले. त्यांनी आधीच ठरवले की, ही गोष्ट पाच वर्षांची. तिला आरंभ, मध्य आणि शेवट असेल. अशा लांब पल्ल्याच्या कथासूत्राला इंग्रजीत ‘आर्क’, म्हणजे कमान, म्हणतात. एकूण ११० भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. १९९४ मधल्या एका भागात, पूर्वी नाहीसे झालेले ‘बॅबिलॉन ४’ हे स्थानक अचानक प्रकट होते आणि पुन्हा नाहीसे होते. का? याचे पुरते उत्तर १९९६ मध्ये मिळते. ‘क्रमशः’ म्हणजे किती, तर दोन वर्षे!

आता थोडे विज्ञान. हे स्थानक म्हणजे सुमारे आठ किलोमीटर लांबीचे फिरते नळकांडे आहे. त्याची मूळ कल्पना अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांची. १९७४ मध्ये त्यांनी अशा फिरत्या वसाहतींचा हिशेब मांडला होता. पाण्याची बादली हातात धरून वेगाने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे तुम्ही करून पाहिले असेल. (नसेल तर अंगणात करा, घरात नको.) बादलीतले पाणी जसे तळाशी दाबले जाते, तशी माणसे नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर दाबली जातात आणि तीच त्यांची जमीन होते. समजा, नळकांड्याची त्रिज्या ४०० मीटर आहे. मग पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी त्याने ४० सेकंदांत एक फेरी घेतली पाहिजे. मधोमध, आसावर, वजन शून्य!

याच शून्यावर दुसऱ्या वर्षाचा शेवट रचलेला आहे. स्थानकाचा प्रमुख शेरिडन आसाजवळून जाणाऱ्या गाडीत असतो. गाडीत बॉम्ब निघतो आणि तो बाहेर उडी टाकतो. वजन नसल्याने तो धाडकन खाली पडत नाही, तर हवेतून संथपणे तरंगत बाहेरच्या बाजूला सरकतो. मग भीती कसली? जमीन फिरते आहे ना! आपल्या हिशेबाने ती ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने सरकत असणार. तो जमिनीला टेकला की खेळ खलास. तेव्हा कोश नावाचा परग्रहवासी, जो पहिल्या भागापासून एका जाड कवचात दडून होता, ते कवच सोडून उडतो आणि त्याला झेलतो. खाली उभ्या असलेल्या लोकांना तो वेगवेगळ्या रूपांत दिसतो. ज्याच्या त्याच्या पुराणकथांतले तेजस्वी रूप! हेच दृश्य पहिल्या महिन्यात दाखवले असते तर ‘छान चमत्कार’ म्हणून आपण विसरलो असतो. त्याआधी दोन वर्षे आपण त्या कवचाकडे पाहत होतो, म्हणून छातीत धस्स होते.

पण या संथ चालीची किंमतही असते. पहिल्या वर्षातले काही भाग मला तर कंटाळवाणे वाटतात. शिवाय माणसे काही कागदावरच्या योजनेप्रमाणे वागत नाहीत. पहिला प्रमुख सिंक्लेअर. ते काम करणारे मायकेल ओ’हेअर यांना आजारपणामुळे पहिल्याच वर्षानंतर जावे लागले आणि सूत्र शेरिडनकडे वळवावे लागले. चौथ्या वर्षी तर मोठेच संकट आले. ज्या वाहिनीसमूहासाठी मालिका बनत होती, तोच मोडकळीस आला. पाचवे वर्ष मिळेल याचा भरवसा उरला नाही. अर्धी बांधलेली कमान उभी कशी राहणार? स्ट्राझिन्स्कींनी घाई केली. तीन वर्षे वाढत आलेले महायुद्ध चौथ्या वर्षाच्या सहाव्या भागातच संपते, आणि लगेच दुसरे युद्ध! शेवटचा भागही चित्रित करून झाला. आणि तेव्हा दुसऱ्या एका वाहिनीने पाचवे वर्ष देऊ केले. घाईत खर्चून टाकलेले धागे आता कोठून आणायचे? पाचव्या वर्षाचा पूर्वार्ध म्हणूनच पातळ झाला आहे.

‘डीप स्पेस नाइन’वाल्यांनी उलट केले. त्यांनी सगळे आधी ठरवले नव्हते. वाट चालता चालता सापडत गेली. दुसऱ्या वर्षी ‘डोमिनियन’ हे नाव कुणाच्या तरी तोंडून सहज येऊन जाते; त्याच सत्तेशी झालेले युद्ध पुढे मालिकाभर पसरते. सहाव्या वर्षाची सुरुवात सलग सहा भागांच्या युद्धकथेने होते. मला ही चाल अधिक तब्येतीची वाटते, मात्र ‘बॅबिलॉन ५’चा तो दूरवरून मारलेला नेम तिच्यात नाही.

‘बॅबिलॉन ५’चा तो आधीच चित्रित केलेला शेवटचा भाग वर्षभर डब्यात राहिला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखवला गेला. त्यामुळे एक गंमत झाली. इव्हानोव्हाचे काम करणारी अभिनेत्री पाचव्या वर्षी मालिकेत नव्हतीच, पण शेवटच्या भागात ती हजर आहे! या भागात स्थानक निकामी ठरवून उडवून दिले जाते. त्याआधी एक कामगार आत जाऊन दिवे मालवतो आणि बाहेर पडतो. तो कामगार म्हणजे स्वतः स्ट्राझिन्स्की.