अंतरपाट आणि आरसा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्समध्ये शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. अंतरपाट धरलेले दोघं गुरुजींच्या तोंडाकडे बघत असतात, पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झालेल्या असतात आणि फोटोग्राफरचं बोट शटरवर अर्धं दाबलेलं असतं. ‘सावधान’ म्हणताच पाट खाली येतो, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. ज्याच्या हातात आरशाचा कॅमेरा आहे, त्याला नेमकी हीच नजरानजर दिसत नाही. फोटो निघत असताना आरसा वर गेलेला असतो, आणि आरसा वर गेला की डोळ्यापुढे क्षणभर काळोख. त्याला दिसतं ते त्या क्षणाच्या अलीकडचं आणि पलीकडचं. मधलं फक्त कॅमेरा बघतो.

मी वर्षानुवर्षं असेच फोटो काढले. डोळ्यापुढे काळोख आला म्हणजे फोटो मिळाला, ही खूण अंगवळणी पडली होती. पहिल्यांदा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, हातात घेतला तेव्हा पाट खाली येताना नवरीच्या पापण्या वर झालेल्या मला दिसल्या, आणि तोच फोटो मागच्या पडद्यावरही होता. या यंत्राबद्दल लिहायचं ते तिथूनच.

एसएलआरची, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याची, सगळी रचना त्या एका आरशाभोवती बांधलेली आहे. लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर वळतो, काचेच्या लोलकातून सुलटा होतो आणि डोळ्याशी येतो. आरशाचा मधला भाग थोडा उजेड आरपार सोडतो. तो मागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे जातो. बटण दाबलं की दोन्ही आरसे दुमडून वर, मग शटर, मग सगळं पुन्हा जागेवर. निकॉन डी८५० हे सेकंदाला सात वेळा करतो आणि त्याचं शटर दोन लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं. हे यंत्र घडवणाऱ्यांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. १९५९ च्या निकॉन एफपासून २०२० च्या निकॉन डी६पर्यंत वृत्तपत्रांच्या, खेळांच्या आणि लग्नांच्या फोटोग्राफरांनी मुख्यतः याच रचनेवर पोट भरलं.

सोनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये ए७ आणला, तेव्हा फुल फ्रेम सेन्सर आणि ऑटोफोकस असूनही आत आरसा नव्हता. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या रिळाच्या एका चौकटीएवढा. नेहमीच्या क्रॉप सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट असतं. हळदीच्या रात्री मांडवात पिवळा बल्ब आणि वर लाल कापडाचं छत असतं, तेव्हा त्या जास्तीच्या जागेवर पडणारा उजेड उपयोगी येतो. निकॉन आणि कॅनन २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या वाटेवर आले. २०२० मध्ये बाजारात जाणाऱ्या मिररलेसची संख्या एसएलआरच्या पुढे गेली.

मिररलेस हलका असतो म्हणून घ्या, असं दुकानात सांगतात. वजनात फरक आहेच: बॅटरी-कार्डासकट डी८५० भरतो १००५ ग्रॅम आणि त्याच दर्जाचा निकॉनचा मिररलेस झेड७ भरतो ६७५. पण माझ्या लेखी खरा फरक फोकसचा. एसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर तळाशी आणि फोटो टिपणारा मागे. दोघांमधल्या अंतराचा हिशोब केसभर चुकला की एफ १.४ची लेन्स डोळ्याऐवजी दुसरंच काही धरते. नथीचा एकेक मोती टोकदार आणि नवरीचे डोळे मऊ, असे किती फोटो मी बाजूला टाकले असतील! मिररलेसमध्ये फोटो टिपणारा सेन्सरच फोकसही ठरवतो, त्यामुळे ती तफावत उरत नाही. डी८५०चे १५३ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यात गोळा झालेले असतात. झेड७चे ४९३ बिंदू चौकटीचा ९० टक्के भाग व्यापतात. अलीकडच्या बॉड्या तर डोळा ओळखून धरून ठेवतात. समोर मुंडावळ्या लोंबत असल्या की अधूनमधून त्याही फसतात, तरी टाकून द्यायच्या फोटोंची थप्पी खूप लहान झाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिररलेसमध्ये डोळ्याला दिसतो तो छोटा पडदा, आणि तो सतत बॅटरी खातो. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत डी८५० एका चार्जवर १८४० फोटो काढतो, झेड७ काढतो ३३०. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना आकडा बराच वाढतो. तरी सकाळच्या देवक-पूजेपासून पाठवणीपर्यंत खिशात तीन-चार बॅटऱ्या आणि हॉलमध्ये एक मोकळा सॉकेट लागतोच. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचं मला फार कौतुक होतं. एका लग्नात सप्तपदी पूर्ण शांततेत टिपली आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे. मागे एलईडीची भिंत होती. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि एलईडी त्यादरम्यान लुकलुकत असतात. ती सप्तपदी पुन्हा झाली नाही. तेव्हापासून मांडवात मी यांत्रिक शटरच लावतो.

आता पैशांचं. आपल्याकडे कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायची परंपरा जुनी आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं. लग्नसराईच्या तोंडावर हप्त्यावर बॉडी उचलणारी सिन्नर-निफाडची मुलं बघितली की मला तो विमा आठवतो.

भारतात डी८५० आला २०१७ मध्ये, नुसती बॉडी २,५४,९५० रुपये. वर्षभराने झेड७ आला २,६९,९५० ला. म्हणजे आरसा, लोलक आणि त्यांच्या यंत्रणेचा सगळा खर्च वजा होऊनही किंमत पंधरा हजारांनी जास्त. त्याच वेळी झेड६ची बॉडी १,५६,९५० ला होती. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. तरीही त्याच मालिकेतला झेड६ ३ हा २०२४ मध्ये २,४७,९९० ला आला. यंत्र कितीतरी सुधारलं हे खरं, पण लग्नाच्या ऑर्डरचा दर त्या प्रमाणात सुधारला का, हे कुठल्याही गावातल्या फोटोग्राफरला विचारावं.

आणि बॉडी ही तर सुरुवात. खर्च लेन्सपाशी थांबतो, किंवा थांबत नाही. निकॉनची एसएलआरसाठीची साधी ५० मिलिमीटर एफ १.८ वजनाला १८५ ग्रॅम, अमेरिकेत पहिली किंमत सुमारे २२० डॉलर. झेड मालिकेतली तीच पन्नास ४१५ ग्रॅम आणि ६०० डॉलर. कडेपर्यंत ती अप्रतिम धारदार आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण बॉडीत वाचवलेलं बरंच वजन लेन्सने परत घेतलं आणि वर पैसेही. अॅडॅप्टरचा आधार मोठा आहे: कॅननच्या एसएलआरसाठीच्या जुन्या ईएफ लेन्स मिररलेस आर बॉडीवर उत्तम चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर मात्र बॉडीतल्या मोटरवर फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. घरात वडिलांच्या वेळची अशी लेन्स असेल तर बॉडी घेण्याआधी हे तपासा.

पक्ष्यांच्या फोटोंसाठी नांदूर मध्यमेश्वरला गेलं की हिशोब वेगळा होतो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्याचं हे पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. मनोऱ्यावरून कमळपक्षी दिसतो तो दूर, पानांवर चालणारा एवढासा. इथे क्रॉप सेन्सर उलट फायद्याचा, कारण ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी जवळ आणते. पक्ष्यांसाठी पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याने फुल फ्रेमच्या नावाखाली पैसे घालवू नयेत, असं मी स्पष्ट सांगतो. ते पैसे लांब लेन्सला लावावेत. हिवाळ्यातल्या पहाटे मनोऱ्यावर सगळे गप्प असताना आरशाचा खटका किती मोठा वाटतो, हे मात्र तिथेच कळतं.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, मी अजून एसएलआरच नेतो. हवेत रंग असतो, आणि लेन्स बदलताना बऱ्याच मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो. एसएलआरमध्ये त्याच्यापुढे आरसा आणि शटर असतं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आत्ताच मुलं विचारायला येतात, काय घेऊ? रामकुंडावर पहाटेच्या अंधारात काम करायचं असेल आणि ऑर्डरी नियमित असतील, तर मिररलेसच घ्या. कॅनन-निकॉनची नवी लेन्स आता त्याच बाजूला येते. हातात पन्नास-साठ हजारांच्या आसपासच असतील तर वापरलेला फुल फ्रेम एसएलआर शोधा, आणि त्यावर जुनी पन्नास. सेन्सरवर पडणारा उजेड तोच आहे. घेताना बिल मागा, शटर काउंट बघा. लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीची जाळी नाही ना, ते बघा. आपल्याकडच्या पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. मग एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून कोपरा कोपरा तपासा. काळे ठिपके दिसले तर ती धूळ, साफ करता येते. रेघ दिसली आणि ती साफ केल्यावरही गेली नाही, तर कॅमेरा तिथेच ठेवून या.