उडता कॅमेरा आणि पन्नास फूट फिल्म

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनमध्ये घेतलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता. पुढच्याच वर्षी फाळक्यांनी आपला व्यवसाय मुंबईहून नाशिकला हलवला, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांचा हनुमान आकाशात उडाला. कॅमेरा मात्र जमिनीवरच राहिला. हँडल फिरवायला माणूस लागे. कॅमेरा वर न्यायचा तर माणूसही वर न्यावा लागे.

या अडचणीवर युरोपात आधीच विचार झाला होता. पोलंडच्या कॅझिमिएश प्रुशिन्स्की यांच्या ‘एरोस्कोप’ कॅमेऱ्यात पंपाने हवा भरून ठेवत आणि त्या दाबावर फिल्म सरके. पुढे चावीचे आणि विजेच्या मोटरचे कॅमेरे आले. ड्रोनवर जुना फिल्म कॅमेरा बसवण्याची हौस शक्य होते ती या हात मोकळा करणाऱ्या यंत्रांमुळे.

पण चावीचा प्रत्येक कॅमेरा चालत नाही. १६ मिलिमीटरचा बोलेक्स पूर्ण चावीवर सेकंदाला २४ चौकटींनी साधारण २८ सेकंद चालतो. ड्रोन सेकंदाला चार मीटर चढला, तर ४०० फुटांवर पोहोचायला तीस सेकंद लागतात. जमिनीवर कळ दाबून सोडला, तर वर पोहोचेपर्यंत चावी संपलेली! म्हणून मी मामांचा सुपर-८ कॅमेरा निवडला. तो साध्या सेलवर चालतो आणि त्याची कळ वायरने दाबता येते. ते काम एका छोट्या सर्व्हो मोटरकडे दिले. १९६५ साली कोडॅकने आणलेल्या या पद्धतीत पन्नास फुटांची फिल्म प्लास्टिकच्या काडतुसात येते. फुटाला ७२ चौकटी, म्हणजे एकूण ३,६००. सेकंदाला १८ चौकटींनी तीन मिनिटे वीस सेकंद.

याच कॅमेऱ्याने मामांनी तरुणपणी त्र्यंबक तालुक्यातल्या आपल्या भातखाचरांतली आवणी बांधावर उभे राहून टिपली होती. आता वाटणी होऊन त्यातली काही खाचरे विकली जाणार होती. त्याआधी तीच जमीन, त्याच कॅमेऱ्याने, वरून पाहावी असे मनात आले.

पहिला प्रश्न वजनाचा. आमचा ड्रोन १,६०० ग्रॅमचा, कॅमेरा ६०० ग्रॅमचा. उड्डाण बावीस मिनिटांवरून चौदावर आले. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत ओझ्यासकट एकूण वजन धरतात. दोन किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’; हौसेसाठी उडवला तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलो ओलांडले की तो ‘स्मॉल’ होतो आणि प्रमाणपत्रधारक शोधावा लागतो. नाशिकला ओझरचा विमानतळ, गांधीनगरचे लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र आणि देवळालीचा तोफखाना असल्याने नकाशातला हिरवा पट्टा पाहिल्याशिवाय काही उडवता येत नाही. हिरव्यातही मर्यादा ४०० फुटांचीच.

दुसरा प्रश्न थरथरीचा, आणि तिथेच मी फसलो. पंखे मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतील, तर सेकंदाला शंभर हादरे बसतात. माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौकट सेकंदाच्या सुमारे छत्तिसाव्या भागापर्यंत उघडी राहते. म्हणजे एका चौकटीत जवळजवळ तीन हादरे. पहिले काडतूस धुऊन आले तेव्हा पडद्यावर नुसते हिरवे धुके होते.

फिल्म धुऊन यायला काही आठवडे लागतात आणि आवणी थोड्या दिवसांत उरकते. चूक दुरुस्त करायला एक वर्ष थांबावे लागले. त्या वर्षात पंखे तोलून घेतले, कॅमेऱ्याखाली मऊ रबराच्या गुंड्या बसवल्या. मग फिल्म न जाळता परीक्षा कशी घ्यायची? त्याच बैठकीवर साधा डिजिटल कॅमेरा तेवढेच वजन करून बांधला आणि सेकंदाच्या तिसाव्या भागाचे फोटो काढले. त्यांत बांधाची कड स्पष्ट आली, तेव्हाच दुसरे काडतूस उघडले. तोच डिजिटल कॅमेरा नंतर शेजारी ठेवला, कारण खाली उभ्या माणसाला फिल्म कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. अंतराची चिंता नव्हती. वरून सगळेच दूर असते.

पुढच्या आषाढात पाऊस उघडला तेव्हा उड्डाण केले. कुठून चढायचे, कुठे वळायचे, कुठे थांबायचे हे सेकंदांसकट कागदावर लिहून ठेवले होते. या वेळी चित्र उमटले. पाण्याने भरलेली खाचरे, त्यांतले ढग आणि एकेक बांध.

मामांनी भिंतीवरच्या पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि बोटाने खाचरे मोजली. “हा मधला बांध आजोबांनी घातलेला. खालून कधी एवढा वाकडा दिसला नाही,” ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, “आणि माणसं रे?”

माणसे होती, ठिपक्यांएवढी. मग आम्ही त्यांची जुनी फिल्म लावली. तिच्यात बांध दिसत नाहीत, पण वाकलेल्या बायकांपैकी एक मान वर करून हसते. ती माझी आजी. विकायच्या जमिनीची हद्द एका फिल्ममध्ये आहे आणि तिच्यात राबलेली माणसे दुसरीत. दोन्ही रिळे आता एकाच डब्यात ठेवली आहेत.