शेजाऱ्याच्या रुळावरून आपली गाडी



गेल्या हंगामात एका सभासदाचा तोडलेला ऊस दोन दिवस फडातच पडून राहिला. टोळी हजर, ट्रॅक्टर दारात. पण फडातून पाणंदीला यायचं तर शेजाऱ्याच्या बांधावरून यावं लागतं. शेजाऱ्यानं वाट अडवली नव्हती बरं का! ‘माझ्या गाड्या निघू द्या, मग तुमच्या,’ एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या गाड्या काही संपेनात. ऊस वाळला, वजन घटलं आणि बोल मात्र आमच्या शेती खात्याला लागला.

हा प्रसंग आम्हाला पुन्हा आठवला तो रायगड जिल्ह्यातल्या उरणला. निर्यातीच्या साखरेचे कंटेनर न्हावा-शेवा बंदरात कसे चढतात ते पाहण्यासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. वाटेत जासई लागतं. जानेवारी १९८४ मध्ये भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात जे आंदोलन झालं, त्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. शेतकऱ्यानं तिथून जाताना एवढी आठवण ठेवावी.

बंदराजवळ दोन मालगाड्या उभ्या होत्या. एकीच्या वाघिणींवर खासगी कंपनीचं नाव, दुसरीवर ‘कॉनकॉर’चं. दोन्हींच्या तोंडाशी इंजिन मात्र भारतीय रेल्वेचंच. हे काय गौडबंगाल, म्हणून आम्ही खोलात शिरलो.

हे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत कॉनकॉर ही कंपनी निघाली होती. पुढं पंधरा-सोळा वर्षं देशात कंटेनरच्या गाड्या चालवायच्या त्या हिनंच. २००६ साली सरकारनं धोरण बदललं आणि २००७ च्या जानेवारीत खासगी कंपन्यांशी करार झाले. न्हावा-शेवा ते दिल्ली परिसर हा मलईचा मार्ग धरून सगळ्या देशात फिरायचं तर परवान्याची फी ५० कोटी रुपये; तो मार्ग सोडून बाकीच्या ठरावीक मार्गांसाठी १० कोटी. मुदत वीस वर्षांची.

आता व्यवहार पाहा. वाघिणी कंपनीच्या, गिऱ्हाईक कंपनीनं शोधायचं. रूळ, सिग्नल, इंजिन, चालक रेल्वेचे. त्याबद्दल रेल्वेला ‘हॉलेज चार्ज’ द्यायचा. आपण त्याला ओढणावळ म्हणू. कॉनकॉरही ओढणावळ देते, पण ती पडली घरातली. म्हणजे बांधाचा मालक, गाडी आधी कुणाची सोडायची ते सांगणारा आणि वाटेचं भाडं ठरवणारा एकच, आणि शर्यतीत त्याच्याच घरची एक गाडी. भाडं वाढलं की खासगी कंपन्या कुरकुरतात. कोळसा, खनिज असा भरवशाचा माल त्यांना सुरुवातीपासून मोकळा नव्हता. शिवाय रूळ मिळाले तरी माल उतरवायला अंगण लागतं. ते जुन्या कंपनीकडे तयार होतं. नव्यांपैकी काहींनी दिल्लीजवळ पदरचे पैसे घालून डेपो बांधले.

अमेरिकेत चित्र उलटं. तिथं रूळच खासगी कंपन्यांचे. १९९६ साली युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन बड्या रेल्वे एकत्र आल्या, तेव्हा पश्चिमेकडच्या कित्येक गावांना एकच गाडीवाला उरणार होता. म्हणून नियामक मंडळानं अट घातली, की बी.एन.एस.एफ. या स्पर्धक कंपनीला सुमारे ४,००० मैल रुळांवरून आपल्या गाड्या नेऊ द्यायच्या. स्वतःचं इंजिन, स्वतःचे चालक. मैलाप्रमाणे पैसे मोजायचे. हक्क कागदावर पक्का. तरी अशा कराराखाली जाणाऱ्या पाहुण्या गाडीची तक्रार जुनीच: सिग्नल घरच्याच्या हातात असतो, आणि साइडिंगला थांबतो तो पाहुणा.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वहिवाट देतात. पण ऊस वाळायच्या आत गाडी बाहेर पडेल, हे कलमात कुठं लिहिलंय?

(रायगडातच कोलाडला आणखी गंमत. १९९९ साली कोकण रेल्वेनं मालाचे ट्रकच गाडीवर चढवून गोव्याकडे न्यायला सुरुवात केली. स्पर्धक थेट पाठीवर! दोघांचंही भागलं.)

सभासदांचा याच्याशी संबंध काय? निर्यातीच्या साखरेचा भाव बंदरावर ठरतो. गोदामापासून जहाजापर्यंतचा खर्च त्यातून वजा होऊन उरेल तो दर कारखान्याला मिळतो आणि त्यावर एफ.आर.पी.च्या पुढं काही देता येईल का ते ठरतं. गाडीवाले चार असले तर घासाघीस करता येते. पण चौघांनाही ओढणावळ एकाच दारी भरायची असेल, तर घासाघीस उरते ती फक्त वरच्या चार पैशांची. स्पर्धा आली म्हणून भाडं पडेल, असं धरून चालणाऱ्यांशी आमचं जमत नाही ते एवढ्यासाठीच.

जून २०२२ पासून साखर निर्यातीवर सरकारचं बंधन आहे, परवानगीच्या कोट्याइतकीच साखर बाहेर जाते. पुढच्या वेळी दरपत्रकं मागवताना गोदाम ते डेपो ट्रकचं भाडं, रेल्वेची ओढणावळ आणि कंपनीचा स्वतःचा आकार असे तीन आकडे वेगवेगळे मागवावेत, असं टिपण आम्ही विक्री विभागाकडे दिलं आहे. आणि तो बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही सभासदांना टोळी येण्याआधी गट ऑफिसात बोलावलं आहे.