धक्का जातो कुठे?

नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्याहून मिरचीची पोती लादून बाजाराला निघालेली एखादी जुनी मोटारसायकल डोळ्यांपुढे आणा. खड्डा आला, मागचे चाक उसळले आणि पुढे बराच वेळ गाडी डुलतच राहिली. अशा वेळी आपण म्हणतो, “शॉक अॅब्सॉर्बर गेले.” पण गेले म्हणजे नेमके काय झाले?

या भागात दोन वस्तू असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग आणि तिच्या आत लपलेले तेलाचे नळकांडे. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केला : जितके बल, तितका ताण. परंतु स्प्रिंग धक्का गिळत नाही. ती तो स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठवते आणि लगेच परत करते. समजा, भारामुळे गाडीचा मागचा भाग एकूण ४ सेंटिमीटर दबला. मग दोलनकाल २π√(०.०४/९.८), म्हणजे सुमारे ०.४ सेकंद येतो. सेकंदाला अडीच आंदोलने झाली! ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदात १० मीटर जाते. म्हणजे दर ४ मीटरला एक हेलकावा. प्रत्येक हेलकाव्यात चाकावरील दाब कमी-जास्त होतो. दाब कमी असतानाच ब्रेक लावला, तर चाक घसरते. तेव्हा हा प्रश्न केवळ पाठदुखीचा नाही, जिवाचा आहे.

ही आंदोलने थांबवण्याचे काम तेल करते. नळकांड्यातील दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. दट्ट्या सरकला की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. वेग जितका अधिक, तितका विरोध अधिक. या विरोधात गतिज ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आल्यावर नळकांडे कोमट लागते. यालाच अवमंदन म्हणतात. झडपांची रचना अशी असते की दबताना विरोध कमी आणि उसळताना जास्त व्हावा.

आता दुरुस्ती. गाडीची सीट जोराने दाबून सोडा. एका उसळीनंतर ती स्थिर झाली तर ठीक. डुलत राहिली तर अवमंदन संपले आहे. दांड्यावर तेलकट धूळ दिसली, तर सील फाटले असे समजावे. कारागीर प्रथम स्प्रिंग शिकंज्यात दाबून काढतो. हे काम तुम्ही करू नका. समजा, स्प्रिंग मीटरमागे २०,००० न्यूटन इतकी कडक असून ५ सेंटिमीटर दबलेली आहे. तिच्यात २५ जूल ऊर्जा असते, म्हणजे अडीच मीटरवरून पडणाऱ्या एक किलोच्या वजनाइतकी! नंतर भाग रॉकेलने धुऊन दांडा तपासतात. त्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकरच कापले जाते. मग नवे सील, नवे रबरी बुश आणि ठरलेल्या मापाचे तेल. दांडा हळूहळू वरखाली करून हवा काढतात, कारण हवा सहज दबते आणि छिद्रांतून विनाविरोध निसटते. तेल फार दाट घातले, तर शॉक अॅब्सॉर्बर जवळजवळ काठीसारखा ताठ होतो. दोन्ही बाजूंची दुरुस्ती एकदमच करावी. नाहीतर दोन बाजूंचा विरोध सारखा राहत नाही. काही नळकांडी कारखान्यातच कायमची बंद केलेली असतात, तर काहींत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. ती उघडण्याचा प्रयत्न करू नये.

घरी एक प्रयोग करून पाहा. रबराच्या पट्टीला दगड टांगा, थोडा खाली ओढून सोडा आणि तो स्थिर होईपर्यंतची आंदोलने मोजा. नंतर दगड पाण्यात बुडवून, मग गोडेतेलात बुडवून तेच करा. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. शॉक अॅब्सॉर्बरमध्ये पाणी न भरता तेल का भरतात, याच्या उत्तराचा निम्मा भाग तुम्हाला त्या आकड्यांत सापडेल. उरलेला निम्मा भाग गंजलेल्या खिळ्याला विचारा!