कागद न विचारणारी पंगत

लंडनच्या स्ट्रँडवर सॅव्हॉय हॉटेल आहे, नाटकांची थिएटरं आहेत. त्याच रस्त्यावर संध्याकाळी ‘निष्काम स्वॅट’ या शीख संस्थेची गाडी येऊन थांबते आणि बेघरांची रांग लागते. डाळभात, पास्ता, गरम चहा. वाढणारे बहुतेक शीख तरुण, दिवसभराची नोकरी करून आलेले. जेवण शाकाहारी, कारण हे लंगर आहे आणि ते कुठल्याही धर्माच्या माणसाला चाललं पाहिजे.

ही रीत लंडनला नवी नाही. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या देणगीतून 1913 साली शेफर्ड्स बुशमध्ये धर्मशाळा उभी राहिली, तेव्हापासून परक्या शहरात उतरलेल्याला तिथे जेवण आणि आसरा मिळे. पुढे 1950च्या दशकात साउथॉलजवळच्या वुल्फ रबर कारखान्यात पंजाबी कामगार आले. एकेका घरात दाटीवाटीने राहणाऱ्या त्या माणसांना गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा मोठा आधार होता.

स्वॅट, म्हणजे ‘शीख वेल्फेअर अँड अवेअरनेस टीम’, 2008च्या सुमारास रणदीप सिंग यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याच सुमारास साउथॉलमध्ये पुलांखाली पंजाबी माणसं झोपत होती. गावात जमीन विकून, एजंटला लाखो रुपये मोजून चोरवाटेने आलेले हे तरुण. वस्तीत त्यांना ‘फौजी’ म्हणत. मंदीत बांधकामावरची रोजंदारी आटली आणि ते रस्त्यावर आले. कागद नाहीत म्हणून सरकारी भत्ता नाही. आणि बरेचसे निवारे भाड्यासाठीच्या सरकारी भत्त्यावर चालतात, म्हणून तिथेही खाट नाही.

रस्त्यावर अन्न वाटल्याने माणूस रस्त्यावरच राहतो, असा आक्षेप आहे. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने 2011 साली काही भागांत अशा वाटपावर बंदीचा प्रस्तावही आणला होता. विरोधानंतर तो मागे पडला. आक्षेप अगदीच पोकळ नाही. नुसत्या जेवणाने घर मिळत नाही. पण ज्याच्यासाठी निवाऱ्याचं दारच बंद आहे, त्याला उपाशी ठेवलं तर तो कुठे जाणार, याचं उत्तर त्या आक्षेपात नाही.

मला खुपते ती गोष्ट वेगळी आहे. नांदेडला हुजूर साहिबमध्ये जेवलेल्यांना ठाऊक असेल: तिथे सगळे एकाच जमिनीवर, एकाच ओळीत बसतात. फुटपाथवर ते होत नाही. एक देतो, दुसरा हात पुढे करतो. लंगरचा गाभाच तिथे थोडा निसटतो, आणि वाढणारा थांबून चार शब्द बोलला तरच तो काहीसा भरून निघतो.

अशा बोलण्यातूनच पुढची अडचण कळते: कागदांची. 2023-24मध्ये लंडनच्या रस्त्यांवर झोपलेले 11,993 लोक नोंदले गेले. त्यांत साधारण निम्मे ब्रिटिश नव्हते. साउथॉलच्या त्या फौजींपैकी अनेकांनी पासपोर्ट नष्ट केलेले, त्यामुळे परत जायचं ठरवलं तरी आपण कोण हे सिद्ध करता येईना. मग जेवण वाढणारेच त्यांच्यासोबत अर्ज भरायला बसू लागले.