रॅकवर आहे, कॉम्प्युटरवर नाही! दुकानाच्या सर्चला पीजी-ट्रायग्रॅम कसं बसवायचं



बोईसरला तारापूर एमआयडीसीचं गिऱ्हाईक सांभाळायचं म्हणजे काउंटरवर सकाळपासून मेंटेनन्सवाली माणसं. कंपनीत मशीन बंद, सुपरवायझरचे फोनवर फोन आणि बाहेर बाइक चालूच ठेवलेली. असाच एक जण पक्कड मागायला आला. आमच्या नवीन पोराने सॉफ्टवेअरमध्ये 'पकड' टाकलं. निकाल शून्य. 'नाही आहे' म्हणाला, गिऱ्हाईक गेलं. माल त्याच्या पाठीमागच्या रॅकवर होता, फक्त आमच्या यादीत तो 'पक्कड' नावाने होता.

एक विक्री गेली, ठीक आहे. खरं नुकसान पुढे झालं. पोराने यादीत 'पकड ८ इंची' असा नवीन आयटम उघडला. आता एकच वस्तू दोन नावांनी, स्टॉक दोन ठिकाणी विभागलेला. एकाचा स्टॉक संपलेला दिसला म्हणून मी आणखी माल मागवला. तुमच्या यादीत असे किती जुळे आहेत, एकदा बघाच.

यात पोराची चूक नाही. साधा सर्च अक्षराला अक्षर जुळवतो. त्यासाठी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजी-ट्रायग्रॅम नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे. तुमचं बिलिंग एखाद्या ओळखीच्या डेव्हलपरने पोस्टग्रेसवर बनवून दिलं असेल, तर हे अर्ध्या तासाचं काम. टॅलीसारख्या तयार पॅकेजच्या पोटात ते बसवता येत नाही, हे आधीच सांगतो.

ते काम कसं करतं? शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं. शब्दाच्या आधी दोन मोकळ्या जागा धरतं आणि शेवटी एक. 'पकड'चे असे ४ तुकडे होतात, 'पक्कड'चे ६. त्यातले ३ सारखे. दोन्हीकडचे मिळून वेगवेगळे तुकडे ७. तीन भागिले सात, म्हणजे ०.४३. मुळात ठरलेली मर्यादा ०.३ आहे, म्हणून 'पकड' टाकल्यावर 'पक्कड' सापडते. संपलं गणित. यात मराठी व्याकरण कुठेच नाही, आणि त्याचमुळे ते आपल्या कामाचं आहे.

आता बसवूया. आधी बॅकअप घ्या. मी दरवेळी सांगतो, तुम्ही दरवेळी विसरता. विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने पोस्टग्रेस टाकलं असेल तर एक्स्टेन्शनच्या फाइली आधीच आलेल्या असतात, वेगळं डाउनलोड नाही. लिनक्सवर 'कंट्रोल फाइल उघडता येत नाही' असा एरर आला तर 'कॉन्ट्रिब' पॅकेज टाकायचं राहिलंय असं समजा. मग पीजीॲडमिनमध्ये तुमच्या दुकानाचा डेटाबेस निवडा, क्वेरी टूल उघडा आणि 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही एका ओळीची कमांड चालवा. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, तसंच्या तसं टाइप करा. आवृत्ती १३ पासून यासाठी सुपरयूजर लागत नाही, त्या डेटाबेसवर 'क्रिएट'चा अधिकार असला की पुरतं.

इथे बरेच जण घसरतात. एक्स्टेन्शन प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं बसतं. मी पहिल्यांदा ते 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळ डेटाबेसमध्ये टाकलं आणि दुकानाच्या डेटाबेसमध्ये 'असं फंक्शनच नाही' हा एरर बघत बसलो. तासभर गेला.

बसलं की लगेच तपासा. 'शो ट्रायग्रॅम' फंक्शनला 'पक्कड' द्या. देवनागरीसाठी शून्य-एक्सने सुरू होणारे विचित्र कोड दिसतील, घाबरू नका, तेच बरोबर आहे. रिकामा महिरपी कंस आला तर मात्र थांबा. डेटाबेस बनवताना लोकेल 'सी' ठेवलेलं असलं की देवनागरी अक्षरं अक्षरं म्हणून धरलीच जात नाहीत. मग 'टेम्प्लेट झीरो'वरून योग्य लोकेलचा नवीन डेटाबेस बनवून त्यात बॅकअप भरावा लागतो. हे डेव्हलपरकडून करून घ्या.

आपल्या आयटमची नावं लांब असतात: 'पक्कड ८ इंची इन्सुलेटेड'. अख्ख्या नावाशी तुलना केली की मार्क पडतात. म्हणून 'वर्ड सिमिलॅरिटी' वापरा, ते नावातला सर्वात जवळचा भाग शोधतं. त्याची मर्यादा मुळात ०.६ आहे आणि आपली पकड तिथे ०.५ वर अडते. मी ०.४ ठेवलीय. इंडेक्सचं म्हणाल तर लाखभर ओळी असतील तेव्हा जीआयएन इंडेक्स टाका, तीन-चार हजार आयटमच्या दुकानाला त्याची काही गरज नाही.

पण यूपीचा फिटर येऊन 'प्लास' मागतो तेव्हा? वस्तू तीच, पण 'प्लास' आणि 'पक्कड' यांत सारखा तुकडा एकच. एक्स्टेन्शन स्पेलिंग सांभाळतं, अर्थ नाही. त्यासाठी आयटमच्या टेबलात 'उपनावं' असा कॉलम करा आणि त्यात पकड, प्लास, प्लायर सगळं लिहा, इंग्रजी अक्षरातलं स्पेलिंगसुद्धा. ही यादी डेव्हलपर बनवू शकत नाही, ती काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात असते. आम्ही काउंटरवर वही ठेवली. सर्चमध्ये न सापडलेला प्रत्येक शब्द तिथे लिहायचा आणि रात्री दुकान बंद करताना भरायचा. आकडेही कुणी मराठीत टाकतं, कुणी इंग्रजीत, म्हणून सर्चच्या आधी 'ट्रान्सलेट' फंक्शनने ते एकाच लिपीत आणा.

जुळे शोधायला आयटमचं टेबल त्याच टेबलाशी ताडून बघा, सारख्या नावांच्या जोड्या समोर येतील. मात्र त्या आपोआप एकत्र करू नका. बेअरिंगचे ६२०४ आणि ६२०५ हे नंबर घ्या. दोघांचे पाच-पाच तुकडे, त्यातले ३ सारखे, एकूण वेगळे ७. पुन्हा ०.४३! म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ही जोडी पकड-पक्कडइतकीच जवळची. प्रत्यक्षात ६२०४ चं आतलं भोक २० मिलिमीटर आणि ६२०५ चं २५. चुकीचं दिलं तर शाफ्टवर बसणार नाही आणि गिऱ्हाईक कंपनीतून परत येऊन तुमच्या काउंटरवर आदळेल. म्हणून आमच्याकडे नावाला ढिला सर्च आणि नंबरला कडक, असे दोन वेगळे रकाने आहेत. नंबरच्या रकान्यात हे एक्स्टेन्शन लावलेलंच नाही.