गल्ल्यावरची गोष्ट : चित्रकथांच्या दुकानातील रिअ‍ॅलिटी शो आणि त्याचे आकर्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

दूरचित्रवाणीवरील 'रिअ‍ॅलिटी शो' या प्रकाराचा विचार आपल्याकडे बहुधा समाजशास्त्राच्या किंवा नीतीच्या अंगाने होतो. त्याने अभिरुची बिघडते काय, खाजगीपणाचा भंग होतो काय, असे प्रश्न विचारले जातात. ते गैरलागू नाहीत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याआधीचा एक प्रश्न शिल्लक राहतो. हा एक कथनप्रकार आहे, तर तो कोणत्या घटकांनी उभा राहतो आणि प्रेक्षक त्यात का रमतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण म्हणजे 'कॉमिक बुक मेन' हा अमेरिकन कार्यक्रम. त्याच्या निमित्ताने मराठीतील चित्रकथा, कट्टा आणि रद्दी या तीन गोष्टींकडेही पाहता येईल.

उदाहरण परके आहे, हे मान्य केले पाहिजे. चित्रकथांचे स्वतंत्र दुकान ही संस्था मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांना परिचित नाही. आपल्याकडे चित्रकथा एस. टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाळ्यात, किराणा दुकानाच्या दोरीवर, सुटीत भाड्याने पुस्तके देणाऱ्या एखाद्या घरगुती वाचनालयात भेटत आली. पण परके उदाहरण घेण्याचा एक लाभ असा, की सवयीमुळे न दिसणारी आपली गोष्ट त्याच्या शेजारी ठेवल्यावर दिसू लागते.

२. कार्यक्रमाची घडण

'कॉमिक बुक मेन' ही मालिका ए. एम. सी. या वाहिनीवर फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि सात पर्वांनंतर २०१८ मध्ये थांबली. न्यू जर्सी राज्यातील रेड बँक या गावी असलेले, चित्रपट-दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांच्या मालकीचे चित्रकथांचे दुकान हे तिचे स्थळ. दुकानाचा व्यवस्थापक वॉल्ट फ्लॅनागन, त्याचे सहकारी माइक झॅप्सिक आणि मिंग चेन, आणि दुकानात नोकरी नसूनही सदैव तेथेच असणारा मित्र ब्रायन जॉन्सन ही तिची कायमची पात्रे. याच वाहिनीवर तेव्हा गाजत असलेली 'द वॉकिंग डेड' ही मालिकाही मुळात एका चित्रकथेवरूनच घेतलेली होती. तेव्हा दोहोंचा प्रेक्षक एकच असेल, हा वाहिनीचा हिशेब उघड आहे.

प्रत्येक भागाची रचना तीन पदरांची असते. पहिला पदर गल्ल्यावरचा. कोणीतरी जुना अंक, खेळणे किंवा चित्र विकावयास आणतो, वस्तूची ओळख पटवली जाते, घासाघीस होते, सौदा जमतो किंवा फिसकटतो. दुसरा पदर दुकानातील मित्रांच्या एखाद्या किरकोळ उपद्व्यापाचा. तिसरा पदर चौकटीचा. स्मिथ आणि ही मंडळी एका टेबलाभोवती ध्वनिवर्धकांसमोर बसून घडून गेलेल्या प्रसंगांविषयी गप्पा मारत असतात, आणि त्या गप्पांतून प्रसंग उलगडतात.

हा तिसरा पदर महत्त्वाचा आहे. कथेला कथनाची चौकट देण्याची पद्धत आपल्या परंपरेला नवी नाही. पंचतंत्रापासून वेताळपंचविशीपर्यंत गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा हे गोष्टीच्या आतच असतात. येथेही प्रेक्षकास प्रसंग दोनदा मिळतो : एकदा घडताना, एकदा सांगितला जाताना. त्यामुळे 'हे खरोखर घडले काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे कसे सांगितले गेले?' यात मन गुंतते. कॅमेरे आधीच मांडलेले आहेत, प्रसंग निवडून कापून जोडलेले आहेत, हे प्रेक्षक जाणतो. वास्तवाची हमी त्याला मिळत नाही. त्याच्याशी होतो तो एक करार : माणसे खरी, वस्तू खरी, मांडणी रचलेली. नाटकाच्या प्रेक्षकास हा करार अपरिचित नाही.

३. किंमत आणि मोल

कार्यक्रमाच्या आकर्षणाचे केंद्र अर्थातच सौद्यात आहे. मात्र हे आकर्षण केवळ पैशाचे मानणे अपुरे होईल. विक्रेता गल्ल्यावर दोन गोष्टी ठेवतो. एक वस्तू, आणि दुसरी त्या वस्तूची हकिगत : ती वडिलांनी दिली, ती माळ्यावर सापडली, तिच्यासाठी लहानपणी खाऊचे पैसे साठवले. दुकानदार पहिलीची किंमत करू शकतो, दुसरीची नाही. 'किंमत' आणि 'मोल' हे शब्द व्यवहारात आपण एकमेकांच्या जागी वापरतो. या प्रसंगात त्यांतील अंतर डोळ्यांसमोर नाट्यरूप घेते.

या अंतराला एक आर्थिक इतिहासही आहे. १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचा पहिला अवतार, दहा सेंटला विकला गेला. २०२४ साली त्याची एक प्रत लिलावात साठ लाख डॉलरना गेली. हे कशामुळे झाले? अंक मुळात थोडे छापले होते म्हणून नव्हे. ते कोणी जपले नाहीत म्हणून. स्वस्त कागद, पोरांचा हात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कागद गोळा करण्याच्या मोहिमा, आणि १९५० च्या आसपास 'मुले बिघडतात' म्हणून झालेली चित्रकथांची होळी यांतून जे वाचले ते दुर्मिळ ठरले. आजची किंमत ही कालच्या अवहेलनेतून जन्माला आली आहे.

यात एक विपरीतता आहे. संग्राहकांच्या बाजारात अंकाची किंमत त्याच्या स्थितीवर ठरते. घडी, डाग, कोपऱ्याची चूण यांमुळे श्रेणी उतरते. २००० पासून अंकांना दहापैकी गुण देऊन ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करणारी संस्थाही अमेरिकेत काम करते आहे. सीलबंद अंक वाचता येत नाही. म्हणजे ज्याने अंक जीव लावून पुन्हापुन्हा वाचला त्याच्या हाती कमी पैसे पडतात, आणि ज्याने तो उघडलाच नाही त्याच्या हाती अधिक. गल्ल्यासमोर उभा असलेला विक्रेता हे प्रथमच ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते या कार्यक्रमाचे खरे नाट्य होय. आपल्या प्रेमानेच आपली वस्तू स्वस्त झाली, हे त्याला उमगते.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांच्या ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार मांडला. त्या परिभाषेचा येथे मर्यादित उपयोग करता येईल. सीलबंद अंक हा व्यवहारातून उचलून अलग ठेवलेला, केवळ पाहण्यापुरता उरलेला. वाचून मळलेला अंक हा जगण्यात मिसळलेला. कार्यक्रम दोहोंपैकी एकाची बाजू घेत नाही. तो प्रेक्षकाला दोन्ही ध्रुवांमध्ये झुलवत ठेवतो. संग्राहकाविषयी १९३१ साली लिहिलेल्या निबंधात वॉल्टर बेन्यामिन यांनी आपली पुस्तकांची खोकी उघडता उघडता संग्राहक आणि वस्तू यांच्या नात्याचा विचार केला आहे. तेथेही प्रत्येक ग्रंथासोबत तो कोठे, कसा मिळाला याची आठवण वर येते. वस्तू ही आठवणीची खुंटी असते, एवढे त्यातून घ्यावे.

४. कट्टा आणि व्यक्तिचित्र

दुसरे आकर्षण गप्पांचे. या दुकानात काम थोडे आणि बोलणे फार. दोन काल्पनिक वीरांत कोण वरचढ, यावर प्रौढ माणसे तासभर हिरिरीने वाद घालतात. स्मिथ यांचा पहिला चित्रपट 'क्लार्क्स' (१९९४) हाही दुकानात बसून बोलणाऱ्या दोन नोकरांचाच होता. ते स्वतः ज्या दुकानात काम करीत तेथेच रात्री त्याचे चित्रीकरण झाले, आणि त्याच्या खर्चासाठी त्यांनी आपला चित्रकथांचा संग्रह विकला होता. विकणाऱ्याचे दुःख मालकाला ठाऊक आहे, ही गोष्ट कार्यक्रमाच्या सुरात उतरलेली दिसते.

मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल, कारण आपल्या गद्याची एक मोठी शाखाच त्यावर पोसलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि पु. ल. देशपांडे यांची 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) यांनी व्यक्तिचित्र हा प्रकार रुजवला. त्यात घटना अल्प, माणूस भरपूर. माणसाची लकब, बोलण्याची ढब, त्याचा एखादा वेडा ध्यास यांवर सारे उभे. 'कॉमिक बुक मेन'मध्येही प्रेक्षक परत येतो तो काय विकले गेले हे पाहण्यासाठी नव्हे. चौघे त्यावर काय बोलतील हे ऐकण्यासाठी. फरक एवढाच की व्यक्तिचित्रात लेखकाची करुणा माणसाला सांभाळून घेते. येथे ते काम संकलकाच्या कात्रीकडे आहे, आणि ती नेहमीच तितकी दयाळू नसते.

या कट्ट्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. शीर्षकातच 'पुरुष' आहेत. स्त्रिया येतात त्या बहुधा गिऱ्हाईक म्हणून. आपल्या कट्ट्यांची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. या संदर्भात 'होम मिनिस्टर' (२००४ पासून) या मराठी कार्यक्रमाशी तुलना उद्बोधक ठरते. आदेश बांदेकर घरोघर जात, आणि खेळाच्या शेवटी पैठणी देत. तेथेही वस्तू हे निमित्त होते. त्या निमित्ताने एरवी ज्यांना कोणी काही विचारीत नाही अशा गृहिणी आपल्या संसाराची हकिगत सांगत. रेड बँकला माणूस वस्तू घेऊन दुकानात येतो. मराठीत वस्तू घेऊन कोणी घरात येतो. दोन्हीकडे सामान्य माणसाला बोलते करणे हेच साध्य आहे.

५. चित्र हाती धरून सांगणे

चित्रकथा आणि दूरचित्रवाणी यांचा भारतातील संबंधही दुकानातूनच सुरू होतो, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६७ साली दिल्लीतील एका पुस्तकाच्या दुकानातील दूरचित्रवाणी संचावर अनंत पै यांनी प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहिला. ग्रीक पुराणांविषयी उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. 'अमर चित्रकथे'च्या उगमाची ही हकिगत स्वतः पै सांगत. त्याआधी १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले होते. १९९० पर्यंत ते चालले, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत वाचले गेले. त्यातील 'फँटम' मराठीत 'वेताळ' झाला. अनुवादकाने केवळ नाव बदलले नाही. परक्या नायकाला आपल्या कथापरंपरेतील आसन दिले. या अनुवादांचा भाषिक अभ्यास हा एका प्रबंधाचा विषय आहे.

त्याही मागे चित्रकथी आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही कला जपली. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले. आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या नावानेही चित्रकथींची एक शैली ओळखली जाते. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि त्याची कथा गाऊन सांगतो. येथे चित्र स्वयंपूर्ण नसते. सांगणाऱ्याविना ते मुके असते. दुकानातील विक्रेता अंक हाती धरून त्याची हकिगत सांगतो तेव्हा रचनेच्या पातळीवर हेच घडते. दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. पण चित्र, हात आणि आवाज यांचा हा मेळ श्रोत्याला बांधून ठेवतो, एवढे साम्य आकर्षणाचे कारण समजण्यास पुरेसे आहे.

६. तराजू आणि आपले विभाग

मग मराठीत असे दुकान का उभे राहिले नाही? एक उत्तर रद्दीच्या दुकानात आहे. आपल्याकडे 'वेताळ' असो वा 'चांदोबा', वाचून झालेला अंक किलोवर गेला. रेड बँकच्या गल्ल्यावर वस्तूला हकिगत विचारली जाते. रद्दीच्या तराजूवर फक्त वजन. यात केवळ अनास्था आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. संग्रह करण्यास माळा लागतो, कपाट लागते, वर्षभर एका जागी राहणारे घर लागते. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कित्येक महिने कारखान्याच्या फडावर कोपीत राहतात. वडवणीच्या परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे बालपण या येण्याजाण्यात गेलेले असते. त्यांच्यासाठी 'जपून ठेवणे' ही क्रिया वस्तूशी जोडलेली नाही. म्हणून संग्राहकाचा आनंद सार्वत्रिक मानवी वृत्ती म्हणून शिकवताना सावध राहावे लागते.

परंतु या घरांनी काहीच जपले नाही असे नव्हे. वडवणीला लागून असलेल्या माजलगाव तालुक्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली स्त्रियांनी गायिलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या उपक्रमातून महाराष्ट्रभर अशा लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्या स्त्रियांपाशी कपाट नव्हते. संग्रह कंठात होता, आणि कोणीतरी येऊन ऐकेपर्यंत त्याला 'संग्रह' म्हणण्याचे कोणास सुचले नव्हते.

या ठिकाणी मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. चित्रकथांच्या दुकानातील कार्यक्रमाचे आकर्षण पैशात, विनोदात किंवा कुतूहलात अंशतः आहे. मुख्यतः ते अवधानात आहे. जगाने क्षुल्लक ठरवलेली वस्तू कोणी आयुष्यभर सांभाळतो, आणि एक दिवस कोणी जाणकार ती हाती घेऊन 'ही कोठून आणली?' असे विचारतो. तो प्रश्न प्रेक्षकाला स्वतःला हवा असतो. मात्र दुकानात हे अवधान सौदा संपेपर्यंतच टिकते, ही या प्रकाराची सीमा. विद्यापीठीय विभागांवर ही सीमा नाही. मराठीतील चित्रकथांची सूची करणे, त्यांच्या अनुवादकांचा शोध घेणे, रद्दीच्या दुकानातून अंक मिळवून ग्रंथालयात ठेवणे आणि ज्यांनी ते वाचले त्यांच्या वाचनाच्या हकिगती नोंदवून घेणे ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून सहज होण्यासारखी आहेत. ज्या पिढीने 'वेताळ' वाचला ती आता साठीच्या पुढे सरकते आहे. अंक उशिराही मिळू शकतील. त्या हकिगती मात्र सांगणाऱ्यांबरोबरच जातील.